अडीच टक्के

कोपरखैरण्यात, आमच्या सेक्टरात, सावली विकत मिळत नाही.
गाडी उभी असते नाल्याच्या भिंतीला नाक लावून.
पारसिक ओलांडून ऊन आलं की पहिलं तिच्यावर पडतं,
मागून खाणीची धूळ.

पत्रा अजून लाल आहे.
काळं होतं तेवढं पांढरं पडलंय.
आरशांच्या पाठी, दारांखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी,
सगळं राखेचं. बोट फिरवलं
तर बोटाला लागतं.

सुगंधा म्हणाली, खोबरेल लाव.
लावलं. तीन दिवस म्हशीच्या पाठीसारखं चकाकलं,
चौथ्या दिवशी सेक्टरभरची धूळ तिथंच मुक्कामाला.
वॉचमन म्हणाला, बूटपॉलिश.
पहिल्याच धुण्यात काळा ओघळ जिन्यापर्यंत गेला
आणि सेक्रेटरीबाईंनी फळ्यावर नोटीस लावली,
नाव न घेता.

मी दोघांचंही ऐकलं.
खरं तर मला ठाऊक आहे, काळा कसा करतात.

एकवीस वर्षं, तुर्भ्याला, एमआयडीसीत
मी दुसरं काही केलंच नाही.
काजळीची पोती फोडायची,
मशीनच्या तोंडातून शेवेसारखा वितळता काळा,
पाण्यात बुडी, पुढे कट कट कट दाणे.
नाक शिंकरलं तरी काळं.
माझे रुमाल वेगळ्या बादलीत भिजायचे.

अडीच टक्के. फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं.
एवढी काजळी असली की ऊन आत शिरत नाही,
ती त्याला दारातच धरते,
स्वतः तापते, प्लास्टिकला झळ लागू देत नाही.
नव्या पोरांना मी हे असंच सांगायचो,
जसं काही घरातल्याच कुणाबद्दल.

मग एका मार्चमध्ये गद्रेसाहेब खाली आले.
तळहाताने अडीच पुसलं, दीड लिहिलं.
म्हणाले, भोपी, गेटबाहेर पडताना दोन्ही सारखेच काळे.
मी दोन मुठी दाणे घेऊन उजेडात गेलो.
सारखेच काळे होते.
बॅचकार्डावर सही केली.

तो माल कुठल्या गाडीत गेला, कोण सांगणार.

काल इलेक्ट्रिशियनची हीटगन आणली होती.
झळ दिली की पांढरं पुसल्यासारखं जातं,
काळा वर येतो, बघणारे वा म्हणतात.
पण आत आहे तेच वर येतं.
दोनदा येईल. तिसऱ्यांदा काय येणार?
न वापरताच परत केली.

आज रीतसर. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश,
खाचांतलं मेणाचं पांढरं किटण उकरून काढलं,
स्पिरिटचा बोळा, लाल पत्र्याला कागदी चिकटपट्टी.
बाटलीवर लिहिलंय, आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहा.
म्हणून नंबरप्लेटचे स्क्रू काढले.

प्लेटखाली एक चौकोन.
अकरा वर्षांत ऊन न पाहिलेला,
ओल्या पाटीसारखा काळा.
उकिडवा बसून मी किती वेळ बघत राहिलो.
अडीच की दीड?
काळ्याकडे बघून कळत नाही.
तेव्हाही कळलं नव्हतं.

तिथं काही लावलं नाही. प्लेट परत बसवली.
कमानीच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं, ठीक वाटलं,
मग वीत वीत करून सगळीकडे:
स्पंज फिरवायचा, थोडं थांबायचं,
जास्तीचं लगेच टिपून घ्यायचं, नाहीतर डाग धरतात.
वरच्या मजल्यावरची शर्वी सायकल आडवी टाकून बघत होती.
आजोबा, आता हे कायमचं?
म्हटलं, नाही गं. सहा-आठ महिने. मग पुन्हा.
तिला ते पटलं नसावं. सायकल उचलून गेली.

उद्या संध्याकाळपर्यंत पाणी लागू द्यायचं नाही.
वर जुनी चादर टाकली, टोकांना विटा ठेवल्या.

घरी आलो, हातात फडकं.
दारातच सुगंधाने ते पाहिलं, माझी बोटं पाहिली,
काही बोलली नाही.
मोरीच्या माळ्यावरून
ती वेगळी बादली काढली.